घाटावरची माणसे आणि समुद्र



कृष्णाकाठच्या व्याख्यानमालेत समुद्राचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. आपल्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. पण या वाटणीत समुद्र कोणाच्याच वाट्याला आला नाही. आपली पश्चिमेची शीव सह्याद्रीच्या माथ्यावर संपते. तेथे उभे राहिले की पायाखाली कोकण दिसते, आणि हवा स्वच्छ असली तर महाबळेश्वराच्या कड्यावरून क्षितिजाशी एक चकाकती रेघही दिसते. ती रेघ म्हणजे समुद्र. दिसतो, पण आपला नाही, असे आपले त्याच्याशी नाते आहे.

अलीकडे हे नाते एकाएकी बदलले आहे. शनिवारी दुपारी कऱ्हाडहून किंवा सांगलीहून चारही चाकांना जोर असणारी गाडी काढावी, तंबू, शिधा, मासे धरण्याचे गळ मागे टाकावेत आणि संध्याकाळी एखाद्या निर्जन पुळणीवर मुक्काम करावा, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. मीही अशा एका सहलीला गेलो होतो, आणि आजचे व्याख्यान त्या सहलीतूनच निघाले आहे. म्हणून ती हकीकत आधी सांगतो. तीत आमचा गौरव होण्यासारखे काही नाही.

आम्ही चौघे मित्र माघी पौर्णिमेला रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आडबाजूच्या किनाऱ्यावर उतरलो. सूर्य मावळायचा होता, ओहोटी पूर्ण झालेली होती आणि ओली वाळू डांबरी सडकेसारखी घट्ट होती. आम्ही गाडी थेट पाण्याजवळ नेली. तंबू वर सुरूच्या बनाशी ठोकला, चूल पेटवली, गळ टाकले. तासाभराने एक शेंगटी लागली, तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला! नऊच्या सुमारास पाणी चढू लागले. गाडी मागे घ्यावी म्हणून चाके फिरवली तर ती जागच्या जागी खोल जाऊ लागली. जितका जोर करावा तितकी गाडी रुते. अखेर वाडीतून सातआठ जण दोर घेऊन आले आणि त्यांनी पाणी टपांपर्यंत येण्यापूर्वी गाडी ओढून काढली. त्यांच्यातल्या एका वयस्कर मच्छीमाराने मला विचारले, "घाटावरचे का तुम्ही?"

"हो मामा, कऱ्हाडकडचे."

"आज तिथ कोणती?"

"पौर्णिमा."

"मग पाणी किती वाजता भरणार, ते नाही का कळलं?"

मला कळले नव्हते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोकणकिनाऱ्यावरचा ठोकताळा आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पाणी पूर्ण भरते. त्यातून पौर्णिमा आणि अमावास्या यांचे पाणी उधाणाचे, म्हणजे सर्वांत वर चढणारे. अष्टमीच्या आगेमागे ते भांगेचे, म्हणजे मंद. पंचांग आमच्याही घरी भिंतीला टांगलेले असते. पण आम्ही तिथी पाहतो ती उपासासाठी. त्याच तिथीत समुद्राचे घड्याळ आहे, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. आणखी एक गोष्ट त्या गृहस्थांनी दाखवली. आम्ही गाडी खाली नेताना वाळूवर वाळत घातलेल्या जाळ्याच्या कडेवरून आमचे चाक गेले होते. अंधार पडण्यापूर्वीच गेले होते. पण आम्ही समुद्राकडे पाहत होतो, वाळूकडे नाही. जाळ्याची भरपाई आम्ही दिली, त्यांनी ती घेतली, आणि आम्ही पहाटे निमूटपणे घाट चढलो.

त्या परतीच्या वाटेवर मला प्रश्न पडला तो असा. समुद्र आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तरी त्याच्याविषयी आपण इतके अडाणी कसे राहिलो? आपले पूर्वज तेथे कधी गेलेच नाहीत काय? गेले असतील तर कसे वागले? इतिहासात शोधू लागल्यावर जे हाती आले ते आपल्यापुढे मांडतो.

प्रथम भूमीकडे पाहू. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. तेथून अरबी समुद्र अवघा चौसष्ट किलोमीटर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे चौदाशे किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. आपली शेते, आपली गावे, आपल्या बाजारपेठा या नदीच्या मागोमाग पूर्वेकडे तोंड करून बसल्या. पश्चिमेला सह्याद्रीची भिंत, वर्षातले चार महिने धुके आणि धो धो पाऊस. कार्तिकात वाटा उघडाव्यात आणि मृगाच्या आत माणसांनी आणि बैलांनी माघारी यावे, असा शेकडो वर्षांचा क्रम होता. आपली भाषाही याची साक्ष देते. आपण कोकणात 'उतरतो', कोकणातला माणूस 'घाटावर' येतो. दोघांच्या मध्ये मैलांचे अंतर फारसे नाही, उंचीचे आहे. आणि उंचीवरच्या माणसाला खालच्याविषयी जरा कमी समजण्याची खोड असते.

परंतु भिंत असली तरी तिला दारे होती. पारघाट, हातलोट, तिवरे, कुंभार्ली, मळा, आणि दक्षिणेला आंबा, अणुस्कुरा ही ती दारे. त्यांतून रहदारी किती जुनी आहे याचे दोन पुरावे सांगतो. मध्य प्रदेशातल्या भरहुत येथील स्तूपाला, म्हणजे ख्रिस्तपूर्व काळात, ज्यांनी दान दिले त्यांच्या लेखांत करहाकट नगराच्या व्यापारी निगमाचे नाव आहे. करहाकट म्हणजे आपले कऱ्हाड. नदीकाठच्या एका गावातील व्यापाऱ्यांनी इतक्या लांब दान पाठवावे, इतकी त्यांची पेठ भरभराटीची होती, आणि ती भरभराट घाटाखालच्या बंदरांशी जोडलेल्या वाटांवाचून कल्पिता येत नाही. दुसरा पुरावा अधिक मनोवेधक आहे. गेल्या शतकाच्या चाळीशीत कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर एक लहानशी ब्राँझची मूर्ती सापडली. ती पोसायडनची, म्हणजे पाश्चात्त्यांच्या समुद्रदेवाची. रोमी जगातून निघालेला समुद्राचा देव जहाजातून कोकणात उतरला, बैलाच्या किंवा माणसाच्या पाठीवर घाट चढला आणि पंचगंगेच्या काठी येऊन राहिला. समुद्र आपल्याकडे आला नाही असे कोण म्हणेल?

मध्ययुगात या रहदारीचे मुख्य बंदर दाभोळ. वाशिष्ठीच्या मुखावर दाभोळ, खाडीने आत आले की गोवळकोट आणि चिपळूण, तेथून कुंभार्लीने वर कऱ्हाड, आणि पुढे विजापूर किंवा बिदर. रशियन प्रवासी अफनासी निकितीन १४७० च्या आगेमागे या देशात होता. त्याने दाभोळचे वर्णन मोठे बंदर म्हणून केले आहे आणि तेथे येणाऱ्या घोड्यांचा उल्लेख केला आहे. अरबस्तानचा घोडा दाभोळला उतरून घाट चढल्यावाचून बहमनी किंवा आदिलशाही फौजेचे पान हलत नसे. याच वैभवाने १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांना तेथे ओढले आणि त्यांनी दाभोळ जाळून बेचिराख केले.

घाट उतरणाऱ्यांना आणखी एक धडा १४५३ साली मिळाला होता. बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार मोठी फौज घेऊन कोकण जिंकण्यास उतरला. शिर्के आणि खेळण्याचे राजे यांनी त्याला जंगलात आत आत नेले आणि ती सारी फौज बुडाली. तेव्हापासून घाटाखालची मोहीम म्हटली की वरच्या दरबारांना कापरे भरे. वाट माहीत नसताना केवळ बळाच्या भरवशावर उतरू नये, हे त्यातले तात्पर्य. आमच्या गाडीचे पौर्णिमेच्या रात्री जे झाले त्यात आणि यात मला फार मोठा फरक दिसत नाही.

राजांच्या मोहिमा झाल्या. पण घाट खरा जिवंत ठेवला तो मालाने. वरून गूळ, मिरची, तंबाखू, धान्य खाली जाई. खालून मीठ, नारळ, सुपारी, आमसूल आणि सुके मासे वर येत. पाठाळ बैलांच्या गोण्या, वंजाऱ्यांचे तांडे आणि नुसत्या डोक्यावर ओझी घेऊन चढणारी गोरगरीब माणसे यांच्या पायांनी त्या पायऱ्या झिजल्या आहेत. आपल्या बाजाराच्या दिवशी कोपऱ्यात सुकट, बोंबील, खारा बांगडा घेऊन बसणारी बाई आपण लहानपणापासून पाहतो. ताजा समुद्र आपल्यापर्यंत येऊ शकत नव्हता, म्हणून तो वाळून आणि खारवून आला. पावसाळ्यात शेतावर भाजी नसे तेव्हा भाकरीवरचे हे सुके तोंडीलावणेच कित्येक घरांचा आधार होते. दुष्काळी माणदेशातल्या म्हातारीने समुद्र पाहिला नसेल, पण त्याची चव तिला जन्मभर ठाऊक होती.

आता आपण शिवकालात येऊ. १६५६ साली महाराजांनी जावळी घेतली आणि लगोलग प्रतापगड बांधला. आपण प्रतापगड म्हटले की अफझलखान आठवतो. पण तो किल्ला पारघाटाच्या, म्हणजे वाईहून सावित्रीच्या खोऱ्यात आणि महाडच्या बंदराकडे उतरणाऱ्या वाटेच्या उरावर बसलेला आहे, हे ध्यानात घ्यावे. घाटाची किल्ली हातात आली आणि काही वर्षांतच मराठ्यांचे आरमार पाण्यावर दिसू लागले. देशावरचा राजा समुद्राकडे तोंड करून उभा राहतो, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली एक मोठी क्रांती होय.

या काळातला एक कागद मला आजच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो. राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांच्या लष्कराची छावणी चिपळूणजवळ हलवर्ण येथे पडलेली होती. पावसाळा तोंडावर आला होता. त्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी जे पत्र पाठवले ते प्रसिद्ध आहे. त्याचा आशय मी माझ्या शब्दांत सांगतो. पावसाळ्यासाठी दाणा, वैरण, गवत यांचा साठा करून दिला आहे. तो आताच हवा तसा उधळलात तर पुढे उपासमार होईल, घोडी मरतील, आणि मग तुम्ही रयतेला त्रास देऊ लागाल. कोणी कुणब्याचे धान्य आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी. असे झाले तर गरीब लोक गाव सोडून जातील आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असे म्हणतील. ज्याला जे पाहिजे त्याने ते बाजारातून विकत घ्यावे. आणि विस्तवाला जपावे. गवताच्या गंजीजवळ आगट्या करू नयेत, तंबाखू ओढू नये, रात्री दिवा जळत ठेवून निजू नये. एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि साऱ्या छावणीची राख होईल.

श्रोतेहो, हे पत्र आपण सुशासनाचा नमुना म्हणून वाचतो, आणि ते तसे आहेच. पण जरा निराळ्या नजरेने पाहा. हे घाटावरची फौज कोकणात मुक्कामाला उतरली असता कसे वागावे याचे नियम आहेत. शिधा आपला आणावा, पुरवून वापरावा. यजमान गावाची काडीही फुकट घेऊ नये. लागेल ते दाम देऊन घ्यावे. विस्तव विझवून निजावे. छावणी उठल्यावर मागे तळतळाट राहू नये. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्याला सत्ता होती, ज्याच्या हाती तलवार होती, त्याने आपल्या माणसांना हे बजावले. आमच्याजवळ तर तलवारही नव्हती, केवळ गाडी होती. तरी आम्ही जाळ्यावरून चाक नेलेच.

हाच विचार पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात येतो. रामचंद्रपंत बावड्याचे, म्हणजे घाटमाथ्यावरचे. त्यांनी आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले, आणि आरमारासाठी लाकूड लागले तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये असा दंडक घातला. ही झाडे वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे त्यामागचे कारण. अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, दाम देऊन तोडावे. समुद्र हवा, पण समुद्राकाठची माणसे दुखवून नव्हे, असा हा राजनीतीचा धागा आहे.

दुर्दैवाने तो धागा पुढे तुटला. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे हे गाव मराठी राज्याची राजधानी बनले. १७१३ साली बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने कान्होजी आंग्रे शाहूंच्या बाजूस आले आणि सरखेल म्हणून समुद्र सांभाळू लागले. डोंगरावरच्या राजधानीतून आरमाराला हुकूम जावेत, हा अपूर्व योग होता. १७२७ साली सिद्दीच्या माणसांनी चिपळूणजवळचे परशुरामाचे देवस्थान उद्ध्वस्त केले. तेथले ब्रह्मेंद्रस्वामी घाट चढून साताऱ्याजवळ धावडशीला येऊन राहिले, आणि त्यांच्या दुःखाची आंच दरबाराला लागली. १७३३ साली जंजिऱ्याची मोहीम निघाली, पण ती तीन वर्षे रेंगाळली. घोडदळाच्या सरदारांना पाण्यातला किल्ला घेण्याची विद्या नव्हती, आणि दरबारातली कुरबूर ऐन वेळी आड येत होती. कान्होजी १७२९ सालीच वारले होते. अखेर १७५६ च्या फेब्रुवारीत, तुळाजी आंग्र्यांशी वैर आले म्हणून पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गाच्या खाडीत मराठ्यांचे ते आरमार जळून गेले. तुळाजींचे दोष होते, हे मान्य. तरीही घराचे भांडण मिटवण्यासाठी घराचे दारच जाळले, असे या घटनेविषयी म्हटल्यावाचून राहवत नाही. समुद्र म्हणजे काय हे वरच्या माणसांना कळले असते तर ते असे करते ना.

पुढे इंग्रज आले आणि त्यांनी रस्ते केले. कुंभार्लीचा गाडीरस्ता झाला. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या घाटाला मुंबईचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव मिळाले, तोच आपला आंबेनळी. बैलांच्या पाठीवरची गोणी गाडीत गेली. परंतु १८८० ते १८९० च्या दशकात पुण्याहून मिरजेकडे आगगाडी आली आणि माल उत्तर-दक्षिण धावू लागला. मीठ, कापड, नारळ सारे आगगाडीने मिळू लागले. घाटाखालच्या बंदरांची ओढ संपली. कऱ्हाड-चिपळूण रेल्वेची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या झाली. कोकणची रेल्वे १९९८ साली पुरी झाली, ती किनाऱ्याला समांतर. पूर्व-पश्चिम दारे तशीच अरुंद राहिली.

मग आपल्या माणसांनी समुद्र पाहिला तो कोठे? एक तर मुंबईस, गिरणीत कामाला गेल्यावर, रविवारी चौपाटीवर. नाही तर लष्करात भरती होऊन गलबतावर चढताना. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा कित्येक शेतकऱ्यांच्या पोरांचे समुद्राचे पहिले दर्शन हेच घराचे शेवटचे दर्शन ठरले. काहींचे भाग्य निराळे. वि. स. खांडेकर १८९८ साली सांगलीत जन्मले, कृष्णाकाठी वाढले, आणि १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होऊन समुद्राकाठी गेले. अठरा वर्षे ते तेथे राहिले. सांगलीच्या मुलाने किनाऱ्यावरच्या खेड्यात सुट्टी काढली नाही, संसार केला, मुले शिकवली, आणि त्या मातीतून आपले लेखन उभे केले. त्याच शिरोड्यात १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला, आणि महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून आलेल्या तुकड्यांनी मिठागरांपाशी लाठ्या खाल्ल्या. त्याच वर्षी आपल्याकडे बिळाशीला जंगल सत्याग्रह पेटला. घाटाखाली मीठ आणि घाटावर जंगल. दोन्हीकडे प्रश्न एकच होता, की निसर्गाने दिलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा?

याच सुमारास, सातासमुद्रापलीकडे, एक नवे वाहन जन्माला येत होते. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, कोठेही जाणारी गाडी हवी होती. तीतून जीप निघाली. वजन हजार-अकराशे किलो, आणि खुबी अशी की एक दांडी ओढली की इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांबरोबर पुढच्या दोन चाकांनाही मिळे. महायुद्धात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनल्या. युद्ध संपल्यावर 'डिस्पोजल'च्या मालात त्यांतल्या कित्येक आपल्याकडे विकल्या गेल्या. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र आणि महंमद या कंपनीतले मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र आणि महिंद्र झाले, आणि मुंबईत जीप जोडण्याचा कारखाना चालू झाला. आपल्या भागात जीप म्हटली की आधी मामलेदार, फौजदार आणि निवडणूक आठवते, आणि मग कोयना. कोयनेच्या जंगलात धरणाचे काम सुरू झाले तेव्हा पायवाटांवरून इंजिनिअरांना नेणारे वाहन तेच होते. १९६२ साली पोफळीला वीज निर्माण झाली. कृष्णेची लेक कोयना, तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला उतरले आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या समुद्राला मिळाले. लाखो वर्षे पूर्वेला गेलेले पाणी माणसाने खाली वळवले, त्याच्यामागून माणसेही वळली. आज आपण ज्या गाड्यांतून पुळणीवर जातो त्या त्या जीपच्याच लेकी-नाती.

आता त्या गाड्यांविषयी स्पष्ट बोलतो. चार चाकांना जोर असला की माणसाला वाटते, आपल्याला मज्जाव नाही. पण वाळूवर चालण्यासाठी जोरापेक्षा पसरटपणा लागतो. टायरमधली हवा निम्म्यावर आणली की चाक पसरते आणि तरते. भरल्या टायराने जोर केला की ते खणते. भरती-ओहोटीच्या मधली वाळू घट्ट दिसते, पण पाणी वर येऊ लागले की तीच खालून भुसभुशीत होते. दरवर्षी दापोली, गुहागरपासून अलिबागपर्यंत गाड्या अशा अडकतात आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. कित्येक किनाऱ्यांवर आता वाळूत गाडी नेण्यास मनाई आहे. ती केवळ आपल्या गाड्यांच्या काळजीने नाही.

आपण ज्याला निर्जन पुळण म्हणतो ती निर्जन नसते. खारवी, भोई, गाबित, दालदी यांचे ते अंगण आहे. तेथे जाळी वाळतात, होड्या ओढल्या जातात, मासळी सुकते. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण लागते तेव्हा पाचपन्नास माणसे दोन्ही टोकांनी दोर ओढतात, आणि मासळीची वाटणी होते. या माणसांच्या तोंडचा घास मोठ्या यांत्रिक बोटींनी आणि रात्रीच्या झगझगीत दिव्यांच्या मासेमारीने आधीच हिरावला आहे. १९८१ साली महाराष्ट्राने सागरी मासेमारीचा कायदा केला आणि २०१७ साली केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी भांडण मिटलेले नाही. पावसाळ्यात माशांच्या विणीसाठी मासेमारी बंद असते तेव्हा हे लोक हात बांधून बसतात. आपण हौसेने गळ टाकतो, त्याने समुद्र रिकामा होणार नाही हे खरे. पण ज्याच्यासाठी तो चरितार्थ आहे त्याच्या अंगणात आपण खेळतो आहोत, एवढे भान हवे.

आणि त्या पुळणीचे आणखी एक कूळ आहे, माणसाहून फार जुने. हिवाळ्यात रात्री ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या वाळूत येऊन शंभराच्या आसपास अंडी पुरतात आणि निघून जातात. दीड-दोन महिन्यांनी पिले निघतात आणि उजेडाच्या अनुरोधाने समुद्राकडे धावतात. गाडीच्या भाराने वाळू दबली तर घरटे गुदमरते. चाकोरी खोल असली तर मूठभर पिलू तीत अडकून पडते. आपल्या दिव्यांचा झोत असला तर ते उलट दिशेला जाते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी ही घरटी राखली, आणि पूर्वी अंडी गोळा करणारे गाव आता पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी पाहुण्यांना बोलावते. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ साली गुहागरला अंडी घालताना आढळली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा तिचा प्रवास मानतात. कृष्णा आपल्या डोंगरातून पूर्वेच्या समुद्राला जाते, आणि पूर्वेच्या समुद्रातले कासव आपल्या डोंगराखाली येते. त्याच्या वाटेवर आपण गाडी उभी करावी काय?

मी कोणाला समुद्रावर जाऊ नका असे सांगण्यासाठी उभा नाही. उलट जावे असेच म्हणेन. साताऱ्या-सांगलीच्या मुलामुलींनी समुद्र पुस्तकात न पाहता डोळ्यांनी पाहावा, रात्री त्याचा आवाज ऐकत निजावे, ताज्या मासळीचे कालवण खावे. शेकडो वर्षे बंद राहिलेले दार उघडले आहे, ते पुन्हा लावू नये. परंतु १७५६ ची चूक लहान प्रमाणावर, दर शनिवारी, पुन्हा करू नये. तिथी पाहून जावे. गाडी सडकेला ठेवून शेवटचे शंभर पाऊल चालावे. जागा गावाला विचारून घ्यावी आणि गावातच चार पैसे खर्चावेत. शेकोटी विझवावी, कचरा घाट चढवून परत आणावा. या सूचना माझ्या नाहीत, त्या हलवर्णच्या छावणीला गेलेल्याच आहेत. मी फक्त त्यांत कासवाचे आणि जाळ्याचे नाव घातले.

यंदाच्या माघात आम्ही त्याच गावी पुन्हा गेलो होतो. या खेपेस अष्टमी होती. गाडी देवळापाशी ठेवली आणि खाली चालत गेलो. त्या वयस्कर मामांनी आम्हाला ओळखले. पाणी किती वाजता भरेल, असे त्यांनी हसत विचारले. "सहाला," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि जाळे उलगडायला आम्हाला हाताशी घेतले.